दुसरा बोलत असताना

चाळीस वर्षं मी माणसांच्या तोंडाला रंग लावला. आधी गिरगावातल्या नाटकवाल्यांकडे, मग वरळीला दूरदर्शनच्या स्टुडिओत बोलावतील तेव्हा, मग पुन्हा नाटकांत. मेकअपमनला निवृत्तीचं वय नसतं. भुवईची रेघ काढताना हात हलायला लागला की आपणहून पेटी बंद करायची. मी केली. त्यामुळे २०२४च्या जूनमध्ये शिकागोजवळ नेपरव्हिलला लेकीकडे पोहोचलो तेव्हा हाताशी वेळ भरपूर होता आणि इंग्रजी कामापुरतं.

२७ जूनच्या रात्री आठ वाजता, जेवणं उरकून, सगळे टीव्हीसमोर बसलो. बायडन आणि ट्रम्प यांची डिबेट. स्टुडिओ अटलांटाचा, समोर प्रेक्षक नाहीत, एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याचा माइक बंद. पडद्याचे दोन भाग केलेले, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघंही सारखे दिसणार. मला अर्धंमुर्धंच कळत होतं, म्हणून मी धंद्याच्या सवयीनं चेहरे बघत बसलो. दहा मिनिटं झाली असतील.

"हा म्हातारा ऐकताना हरवतोय गं," मी म्हटलं.

"बाबा, तो काय बोलतोय ते ऐका ना," लेक वैतागली.

ती तिथली नागरिक आहे, मतदार आहे आणि एका इस्पितळाच्या बिलांच्या खात्यात नोकरी करते. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीपुढच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा, हा तिचा रोजचा विषय. बायडन यांच्या २०२२च्या कायद्यानं मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडत नाही आणि काही महागड्या औषधांच्या किमतींसाठी सरकारला कंपन्यांशी घासाघीस करता येते, हे तिनं मला आधीच समजावून ठेवलं होतं. हा मुद्दा बायडन दणकून मांडतील अशी तिची खात्री होती. झालं उलटंच. इन्सुलिनचे ३५ डॉलर त्यांनी १५ सांगितले. दुसऱ्या एका उत्तरात सूत सुटलं, मध्ये भयंकर शांतता पसरली, आणि शेवटी तोंडून निघालं ते साधारण असं, की आम्ही अखेर मेडिकेअरला हरवलं. लेकीनं कपाळाला हात लावला. ही डिबेट ५ कोटींवर लोकांनी पाहिली. पुढे २१ जुलैला बायडन यांनी उमेदवारीच सोडली.

"चार वर्षांचा कारभार एकीकडे आणि दीड तासाचं तोंड एकीकडे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात माझ्यावरही राग होता, जणू त्या माणसाचा मेकअप मीच बिघडवला होता.

तिथून आमचा वाद सुरू झाला. ती मुद्द्याची बाजू घेणार, मी मुखड्याची. आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची अशी समोरासमोरची डिबेट होत नाही, त्यामुळे मला हा खेळ नवीन होता. सकाळी ती कामावर गेली की मी जुन्या डिबेट शोधून बघायचो. रात्री ती मला न कळलेलं समजावून सांगायची. चार महिन्यांत बराच पल्ला मारला.

मेकअपमननं या विषयात हात घातला की तो आधी निक्सनकडेच जाणार. आमच्या धंद्यातली ती जगातली सगळ्यात गाजलेली चूक. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोतला सीबीएसचा डब्ल्यूबीबीएम स्टुडिओ. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची पहिली डिबेट. केनेडी ४३ वर्षांचे, निक्सन ४७ चे. वयाचं अंतर चार वर्षं, पडद्यावर मात्र पंधराचं. निक्सन यांचा गुडघा ऑगस्टमध्ये मोटारीच्या दारावर आपटून आतून पिकला होता. त्या पायी जवळपास दोन आठवडे ते इस्पितळात होते, वजन उतरलं होतं, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडत होती. त्यात स्टुडिओच्या दारात गाडीतून उतरताना तोच गुडघा पुन्हा आपटला. कपडे फिक्या करड्या रंगाचे आणि मागचा पडदाही करडा, त्यामुळे कृष्णधवल चित्रात माणूस भिंतीत विरघळला. केनेडी गडद सुटात. पांढरा सदरा दिव्यांखाली चमकेल म्हणून त्यांच्या लोकांनी हॉटेलातून निळा मागवला. हे वाचलं तेव्हा मी मांडीवर थाप मारली. वरळीला कृष्णधवलच्या काळात आम्हीही हेच करायचो. पांढऱ्या सदऱ्यात आलेल्या पाहुण्याला आत नेऊन निळा चढवायचा. स्टुडिओत असे दोन-तीन सदरे खुंटीला टांगलेलेच असत.

त्या रात्रीचे निर्माते डॉन ह्युइट यांनी दोघांनाही विचारलं होतं, मेकअप करायचा का. केनेडी नको म्हणाले. ते ऐकून निक्सनही नको म्हणाले. केनेडींना कॅलिफोर्नियाच्या उन्हानं आयताच रंग चढला होता, शिवाय त्यांच्या माणसानं मागच्या खोलीत थोडी पावडर फिरवलीच. निक्सन यांच्या माणसानं 'लेझी शेव्ह' नावाचं औषधाच्या दुकानात मिळणारं काहीतरी त्यांच्या दाढीवर थापलं. निक्सन यांची दाढी घोटून केली तरी काळपट दिसायची. अशा दाढीला आधी तांबूस थर लागतो, तो मुरला की बेस, मग पावडर, आणि पावडर दाबून बसवायची, थापायची नाही. थापली की दहा मिनिटांत घाम तिच्यातून वाट काढतो आणि हनुवटीवर ओघळ दिसतात. तसंच झालं.

मला त्या 'नको'चं आश्चर्य वाटत नाही. एकदा एक मंत्री मुलाखतीला आले होते. मी पफ घेऊन पुढे झालो तर म्हणाले, "मी काय नट आहे?" म्हटलं, साहेब, नटाला एक वेळ नको, दिव्याखाली बसणाऱ्या प्रत्येकाला हवा. ते ऐकेनात. मुलाखत संपल्यावर मॉनिटरमध्ये स्वतःची चकाकणारी टाळू पाहिली आणि जाताना मला म्हणाले, आधी सांगायचं ना. मेकअप म्हणजे खोटा चेहरा असं लोकांना वाटतं. अहो, दिवाच मुळात खोटा असतो. त्यानं बिघडवलेला चेहरा आम्ही जागेवर आणतो, इतकंच.

तर निक्सन यांच्याबद्दलची कथा अशी सांगतात, की ज्यांनी ती डिबेट रेडिओवर ऐकली त्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले आणि ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना केनेडी. गोष्ट इतकी गोळीबंद आहे की मीही ती वर्षानुवर्षं नवशिक्या पोरांना सांगत आलो. एका रविवारी लेकीनं ठरवलं, आपणच करून बघू. फोन जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवला. तासभर नुसतं ऐकलं. मध्ये मध्ये थांबवून ती मराठीत सांगायची.

केनेडी घाईत बोलतात, आकड्यांवर आकडे. पोलादाच्या कारखान्यांची निम्मी ताकद वापराविना पडलीय. नऊ अब्ज डॉलरचं धान्य कोठारांत, त्यातलं काही सडतंय, आणि वेस्ट व्हर्जिनियात शाळेत मिळालेल्या जेवणातलं पोरं घरच्यांसाठी राखून नेताहेत. त्या पोरांचं ऐकून आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. मग निक्सन. आवाज भरदार, नाटकात असता तर मी त्याला हात जोडले असते. पण सुरुवातच अशी, की केनेडी म्हणाले त्यातल्या भावनेशी मी सहमत आहे, वाद आहे तो मार्गाचा. लेक म्हणाली, "हा तर पहिल्याच वाक्याला अर्धा डाव देऊन बसला." म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचाही विषय निघाला तसे तिचे कान टवकारले. मेडिकेअर तेव्हा नव्हतं, तो कायदा १९६५चा. केनेडींना ते सामाजिक सुरक्षेच्या योजनेला जोडून हवं होतं, निक्सनना सक्ती नको होती. आणि मग सँडर व्हॅनोकर नावाच्या पत्रकारानं निक्सनना एक टाचणी टोचली. आठ वर्षं उपाध्यक्ष होतात, पण तुमची एखादी मोठी कल्पना सांगा म्हटल्यावर खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर म्हणाले होते, की आठवडाभर वेळ दिलात तर आठवेल कदाचित! निक्सन यांनी सावरून घेतलं, पण आवाजातही ओरखडा ऐकू येतो. त्याला चेहरा लागत नाही.

ऐकून झाल्यावर लेकीचा निकाल बरोबरीचा, माझा केनेडींकडे थोडा झुकता. मग फोन सरळ केला आणि तेच सगळं पाहिलं. निक्सन बोलत असताना फारसे वाईट दिसत नाहीत हो! वाईट दिसतात ते केनेडी बोलत असताना. कॅमेरा त्यांच्यावर येतो तेव्हा ते रुमालानं तोंड टिपताहेत, डोळे इकडे-तिकडे, वजन बऱ्या पायावर. केनेडी मात्र ऐकताना लिहितात, मान किंचित तिरकी, ओठांवर हसू येऊ-नयेच्या सीमेवर. समोरच्याच्या वाक्याला उभं राहणं, असं आम्ही नाटकात म्हणतो. संवाद कुणीही पाठ करतो. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना रंगमंचावर हात, डोळे, पाय यांचं काय करायचं, हे ज्याला कळलं तो नट.

एकदा ही किल्ली सापडल्यावर पुढची कुलपं पटापट उघडली. १९९२, रिचमंड: एक बाई प्रश्न विचारताहेत आणि थोरले बुश घड्याळ बघताहेत. २०२०: उपाध्यक्ष पेन्स यांच्या पांढऱ्या केसांवर माशी येऊन बसली ती दोनेक मिनिटं हललीच नाही, आणि बायडन यांच्या प्रचारवाल्यांनी त्याच रात्री माश्या मारायच्या फळ्या विकायला काढल्या. २०२४ चे बायडन, पडद्याच्या अर्ध्या भागात तोंड किंचित उघडं. पक्षांनाही हे कळतं. २००४ साली दोन्ही बाजूंनी डिबेटसाठी ३२ पानांचा करारनामा केला आणि त्यात कलम घातलं, की बोलत नसलेल्या उमेदवाराचा चेहरा दाखवायचा नाही. वाहिन्यांनी ते धुडकावलं, आणि धाकट्या बुशच्या कपाळावरच्या आठ्या घरोघरी दिसल्या.

मी हे सगळं विजयी सुरात लेकीला ऐकवलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन आली.

"तुमची ती रेडिओची गोष्ट," ती म्हणाली, "कशावर उभी आहे माहितेय?"

सिंडलिंगर नावाच्या संस्थेनं दोन हजारांवर लोकांचं सर्वेक्षण केलं होतं. त्यात नुसता रेडिओ ऐकलेले निघाले २८२. त्यांतल्याही सगळ्यांनी विजेता सांगितलेला नाही. ही माणसं कुठली, कुठल्या पक्षाची, कॅथलिक केनेडींबद्दल त्यांचं आधीपासून काय मत, काही ठाऊक नाही. १९६० साली अमेरिकेतल्या दहांतल्या जवळपास नऊ घरांत टीव्ही होता. उरलेलं रेडिओवालं घर बहुधा खेड्यातलं, आणि तिथं निक्सनना आधीच मान. १९८७ मध्ये व्हॅन्सिल आणि पेन्डेल या दोन अभ्यासकांनी हा सगळा पाया उकरून दाखवला. म्हणजे दिसण्यानं मुद्द्याला गिळलं असं सांगणारी जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट स्वतःच दिसायला देखणी आणि आतून पोकळ. मी नवशिक्या पोरांना काय सांगत होतो मग इतकी वर्षं?

माझी पुरती शोभा करून झाल्यावर तिनं प्रामाणिकपणे दुसरा कागदही काढला. जेम्स ड्रकमन या प्राध्यापकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १७१ जणांना तीच डिबेट दिली, काहींना चित्रासह, काहींना नुसती ऐकायला. बघणाऱ्यांचं माप केनेडींकडे जास्त पडलं. पण त्याच बघणाऱ्यांना डिबेटमधले मुद्देही जास्त लक्षात राहिले. हे आम्हा दोघांनाही अनपेक्षित होतं. चेहरा मुद्द्याला खातो असं तिचं म्हणणं, चेहराच सगळं असं माझं, आणि इथे चेहरा मुद्द्याला हात धरून आत आणत होता.

तिसरा कागद तिला स्वतःलाच आवडला नाही. बेंजामिन आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यपालपदाच्या निवडणुकांतल्या डिबेटचे दहा सेकंदांचे तुकडे विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवले आणि विचारलं, कोण जिंकला असेल? (तिकडे राज्यपाल निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) पोरांचे अंदाज नुसत्या नशिबापेक्षा कितीतरी बरोबर आले. आवाज चालू करून दाखवल्यावर अंदाज बिघडले. लेक बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. "म्हणजे माणसं काय बोलतात हे कळलं की आपण चुकतो?" मी म्हटलं, अगं, त्यांनी कुणाला मत द्यायचं हे विचारलंच नव्हतं, कोण जिंकेल हे विचारलं. घोड्याची चाल बघून शर्यत सांगता येते, त्याला पेंड किती घालावी हे नाही. ती हसली, पण तिचं समाधान झालं नाही.

आमच्या दोघांच्याही हातातून निसटत होतं ते काय, हे मला अल गोर यांनी शिकवलं. ३ ऑक्टोबर २०००, बॉस्टन. गोर आणि धाकटे बुश. बोलणं चाललंय करकपातीवर, सामाजिक सुरक्षेवर, आणि पुन्हा म्हाताऱ्यांच्या औषधांच्या खर्चावर. गोर एकेक आकडा मांडतात. बुश त्याला धूसर गणित म्हणून उडवून लावतात. बुश बोलत असताना गोर उसासे टाकतात. मोठ्यानं, नाकातून, शाळामास्तरानं मठ्ठ पोराला ऐकताना टाकावेत तसे. माझ्या सिद्धांताप्रमाणे तिथेच गोर हरायला हवे होते. पण त्याच रात्री गॅलपनं डिबेट पाहिलेल्यांना विचारलं तेव्हा ४८ टक्के म्हणाले गोर सरस, ४१ टक्के म्हणाले बुश. उसासे ऐकूनही!

मग सकाळ झाली. वाहिन्यांनी नव्वद मिनिटांतले सगळे उसासे कापून एकापुढे एक जोडले. ज्यांना रात्री दोन-चार ऐकू आले होते त्यांना आता माळच ऐकू आली. शनिवारी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमानं त्याची नक्कल केली. ती नक्कल गोर यांच्याच माणसांनी त्यांना बघायला लावली, का, तर असं करू नका हे कळावं म्हणून. पुढच्या डिबेटला गोर इतके मवाळ झाले की वेगळाच माणूस वाटला. तिसऱ्या वेळी भरपाई म्हणून चालत थेट बुश यांच्या अंगाशी जाऊन उभे राहिले. बुश यांनी नुसती मान हलवली आणि सभागृह हसलं. दिग्दर्शकानं रोज नवी सूचना दिली की नटाची जी गत होते तीच. फ्लोरिडात शेवटी फरक पडला ५३७ मतांचा. तो उसाशांमुळेच पडला असं मी म्हणणार नाही. इतक्या थोड्या मतांवर कुणीही आपली गोष्ट टांगू शकतो.

तोवर मी रात्रीचा चेहरा बघत होतो, लेक रात्रीचं बोलणं ऐकत होती. निकाल शिजत होता सकाळी, तिसऱ्याच्या स्वयंपाकघरात. १९७६ला कार्टर यांच्याबरोबरच्या डिबेटमध्ये फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री लोकांना विचारलं तेव्हा फोर्ड बरे वाटले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, बातम्या ऐकून झाल्यावर, तेच पारडं कार्टर यांच्याकडे धाडकन गेलं. इथे चूक खरी होती, मुद्द्याची होती आणि ती बातम्यांनीच लोकांना दाखवून दिली. हे लेकीनं मला मुद्दाम सांगितलं, नाहीतर मी वाहिन्यांना सरसकट झोडपायला निघालो होतो. मात्र दाखवायला वेळ किती देतात? संध्याकाळच्या बातम्यांत उमेदवाराचं बोलणं सलग किती ऐकवलं जातं, हे किकू अडॅट्टो यांनी मोजलं होतं. १९६८ साली सरासरी ४२ सेकंद, १९८८ साली दहासुद्धा नाहीत. दहा सेकंदांत औषधाची किंमत समजावता येत नाही. उसासा टाकता येतो.

१९८० च्या डिबेटमधलं उदाहरण लेकीला फार लागलं. कार्टर यांनी आठवण करून दिली, की रेगन यांनी राजकारणातली सुरुवातच मेडिकेअरच्या विरोधातल्या प्रचारानं केली होती. ते खरं होतं. १९६१मध्ये रेगन यांच्या भाषणाची ध्वनिमुद्रिकाच निघाली होती, वृद्धांच्या सरकारी विम्याविरुद्ध. रेगन यांनी मान किंचित हलवली, हसले आणि म्हणाले, झालं, पुन्हा सुरू केलंत तुम्ही! बस. ते वाक्य अमेरिकेत आजही म्हणतात. ध्वनिमुद्रिका कुणाला आठवते? त्या माणसाच्या नटासारख्या टायमिंगचं मला कौतुक वाटलं, आणि ते मी लेकीपुढे बोलून दाखवायला नको होतं.

पूर्वी सगळं मुद्द्यांवर चालायचं, असं म्हणणारे लोक लिंकन आणि डग्लस यांच्या १८५८ च्या वादसभांकडे बोट दाखवतात. इलिनॉयमधल्या सात गावांत सात सभा, प्रत्येक तीन तासांची. एकानं तासभर बोलायचं, दुसऱ्यानं दीड तास, मग पहिल्यानं अर्धा तास. गुलामगिरीवर. मीही भारावलो. पण पुढे वाचलं तर शिकागोच्या एका पक्षाच्या पत्रात लिंकन यांचं भाषण घासून-पुसून छापलेलं आणि डग्लस यांचं अडखळतं, दुसऱ्या पक्षाच्या पत्रात नेमकं उलटं. दोघंही एकमेकांवर आरोप करताहेत की तुम्ही आमच्या माणसाचं बोलणं बिघडवलंत. हे म्हणजे दोन मेकअपमन आणि दोघांकडे फक्त आपापल्या नटाची पेटी. लिंकन शहाणे. पुस्तक काढताना त्यांनी स्वतःची भाषणं आपल्या बाजूच्या पत्रातून घेतली आणि डग्लस यांची डग्लस यांच्या बाजूच्या पत्रातून.

१० सप्टेंबरला, बायडन यांच्याऐवजी उभ्या राहिलेल्या हॅरिस आणि ट्रम्प यांची डिबेट झाली, फिलाडेल्फियात. या वेळी आम्ही कामं वाटून घेतली होती. लेक वहीत विषय लिहीत होती, मी ऐकणारा चेहरा बघत होतो. हॅरिस यांचं ऐकणं तालमीतलं होतं. हनुवटीखाली हात, भुवई वर, डोळ्यांत 'खरंच का?' थोडं जास्तच झालं माझ्या मते. मागच्या रांगेसाठीचा अभिनय कॅमेऱ्यापुढे केला. ट्रम्प त्यांच्याकडे बघतच नव्हते, समोर नजर, ओठ आवळलेले. मग स्प्रिंगफिल्ड शहरात परदेशातून आलेले लोक पाळीव कुत्री खातात, हे त्यांचं विधान आलं. सूत्रसंचालकानं तिथल्या तिथे सांगितलं की शहराच्या व्यवस्थापकांच्या म्हणण्याप्रमाणे तशी काही विश्वासार्ह तक्रार नाही. लेकीचा विषय शेवटाकडे आला. सध्याच्या आरोग्यविमा कायद्याऐवजी तुम्ही काय आणणार, असं विचारल्यावर ट्रम्प म्हणाले, योजनेच्या संकल्पना आहेत माझ्याकडे. तिनं पेन खाली ठेवलं. "नऊ वर्षं झाली या माणसाला राजकारणात येऊन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांवर गाणी निघाली होती. माझ्या नातीच्या फोनवरही आलं एक. सीएनएनच्या पाहणीत ६३ टक्के बघणाऱ्यांना हॅरिस सरस वाटल्या. नोव्हेंबरात ट्रम्प जिंकले.

निकाल लागला तेव्हा मी मुंबईत होतो. परतण्याआधी, ऑक्टोबरात, आम्ही भाच्याकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिथून लेकीनं मला फिलाडेल्फियाला नेलं, वॉलनट स्ट्रीट थिएटर बघायला. १८०९ चं नाट्यगृह, अजून चालू. मला ते थिएटर म्हणून बघायचं होतं, पण फोर्ड आणि कार्टर यांची पहिली डिबेट याच रंगमंचावर झाली होती, २३ सप्टेंबर १९७६ला. शेवटाकडे ध्वनियंत्रणेतला एक बारकासा भाग जळाला आणि आवाज गेला. २७ मिनिटं. कॅमेरे चालू, कोट्यवधी लोक बघताहेत आणि दोघं आपापल्या स्टँडमागे उभे. कार्टर यांनी पुढे एका मुलाखतीत कबूल केलं, की ते नंतर बघताना लाज वाटली. आम्ही यंत्रमानवासारखे उभे होतो.

समोरच्या फूटपाथवर लेकीनं फोनवर तो भाग लावला. आपल्याकडे दौऱ्यात प्रयोग चालू असताना वीज गेली की कुणीतरी विंगेतून कंदील आणतो, एखादा जुना नट पुढे होऊन प्रेक्षकांशी गप्पा मारतो, शिट्ट्या येतात, वेळ निघून जातो. हे दोघं देशावर राज्य करायला निघालेले, आणि चार पावलांवरच्या माणसाला एकही म्हणत नाही की काय हो, तुमचा गुडघा कसा आहे. कोण आधी हलणार, याची दोघांनाही भीती. उद्या सकाळी कुणीतरी तेवढंच कापून दाखवेल.

"आवाज वाढवू का?" गाड्यांच्या गोंगाटात लेक चुकून म्हणाली, आणि मग आम्ही दोघंही तिथेच फूटपाथवर हसत सुटलो.